उंबरठ्यालगतचे ठोकळे

हॉलमध्ये एक हजार अठ्ठावन्न ठोकळे होते. आठशे बासष्ट अख्खे आणि एकशे शहाण्णव भिंतीच्या कडेने कापून बसवलेले. अख्खा ठोकळा सागाचा, पस्तीस सेंटिमीटर लांब आणि सात रुंद. एकाचं डोकं दुसऱ्याच्या कुशीत, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या, अशी माशाच्या काट्यासारखी नक्षी समोरच्या दारापासून मधल्या दारापर्यंत गेली होती. त्यांतले उठलेले ठोकळे त्रेचाळीस. उठलेले म्हणजे ज्यांची कड शेजारच्या ठोकळ्यापेक्षा वर आली होती आणि वर टिचकी मारली की खालून पोकळ आवाज येत होता. चार खिडकीखाली होते, जिथे पावसाचे थेंब आत येतात. बाकीचे एकोणचाळीस मधल्या दाराच्या उंबरठ्यापाशी, पंख्यासारखे पसरलेले.

"झाली का जनगणना?" बाबांनी विचारलं.

"मोजून झालं. आता ओलावा बघायचाय."

"बघ. रामदासचा माल कालवून होईपर्यंत बघ. मग बाजूला हो."

रामदास अंगणात वाळूत सिमेंट मिसळत होता. मुठा गावातलाच गवंडी. विटा पिंपात भिजत होत्या, आणि मधल्या दाराचं पान बिजागऱ्यांमधून काढून सोफ्याच्या पाठीला टेकवून ठेवलेलं होतं. त्या चौकटीत आज भिंत उभी राहणार होती.

हे घर दोन घरांचं मिळून एक आहे. पुढचा अर्धा भाग आमचा, मागचा सुलूमावशीचा. आई हेमलता आणि मावशी सुलक्षणा सख्ख्या बहिणी, म्हणजे बाबा आणि नरहरीकाका साडू. दोघांनी मिळून मुठ्यात जागा घेतली, एकाच छपराखाली दोन घरं बांधली आणि कुठलं कुणाचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. जमीन ओढ्याकडे उतरती असल्यामुळे आमचा भाग रस्त्याच्या पातळीला आला आणि मावशीच्या भागाला मागून उंच, अरुंद पायऱ्या आल्या. तेव्हा नरहरीकाका ट्रेकिंगचे बूट घालून त्या पायऱ्या दोन-दोन करून चढायचे आणि वरून बाबांना म्हणायचे, "बंडोपंत, तुम्हाला सपाट मिळालं ते बरं झालं, तुमचं पोट बघता."

दीड वर्षापूर्वी काकांना पक्षाघात झाला. डावी बाजू गेली. आता ते चाकांच्या खुर्चीत असतात. पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून इथे आले की गाडी आमच्या दारात लागते, खुर्ची आमच्या हॉलमधून जाते आणि मधलं दार ओलांडून त्यांच्या घरात पोहोचते. दुसरा रस्ता नाही. एकदा मधल्या दाराची किल्ली हरवली तेव्हा गावातल्या चौघांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून मागच्या पायऱ्यांनी वर नेलं होतं. वर पोहोचल्यावर काकांनी कुणाशीच बोलायचं बंद केलं, ते दुसऱ्या दिवशी जेवताना मीठ मागण्यापुरते बोलले. मावशीला नंतर त्यांनी एवढंच सांगितलं की पुन्हा असं उचललं तर मी इथे येणार नाही.

म्हणजे मधलं दार बुजलं की नरहरीकाकांचं इथलं घर संपलं. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बाबांना सगळ्यांत जास्त माहीत होतं. तरी त्यांचं म्हणणं साधं होतं: खुर्चीची ओली चाकं फरशीवरून जातात, म्हणून फरशी उठली. खुर्ची बंद, म्हणून दार बंद.

बाबा निवृत्त झाल्यावर चैत्रात ही फरशी बसवली. आषाढात आई-बाबा महाळुंग्याचा फ्लॅट माझ्या ताब्यात देऊन इथे राहायला आले, आणि श्रावण संपता संपता ठोकळे उठले. मी रसायनशास्त्रात एमएस्सी केलं आहे आणि बांधकामाचं साहित्य तपासणाऱ्या एका लहान प्रयोगशाळेत काम करते. शनिवारी येताना मी तिथून लाकडातला ओलावा मोजायचं यंत्र मागून आणलं होतं. त्याला पुढे दोन सुया असतात. त्या लाकडात टोचल्या की पडद्यावर टक्का दिसतो.

"जुईली, तुला कुणी सांगितलं होतं हे आणायला?" बाबांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं होतं. "मला डोळे आहेत. चाकं दिसतात, चिखल दिसतो, उठलेलं लाकूड दिसतं."

"ओलावा दिसत नाही," मी म्हणाले.

"आईवर गेलीयस. उत्तर तयार."

आई स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिने मान वळवली नाही.

मी समोरच्या दारापासून सुरुवात केली. चाकांच्या दोन रेघा ठोकळ्यांवर दिसत होत्या, थोड्या मळकट. त्या रेघांवर ओळीने सुया टोचत गेले. दारातल्या पहिल्या ठोकळ्यात बारा टक्के. सोफ्यापाशी बारा. हॉलच्या मध्यावर बारा. तिथून पुढे तेरा. इथल्या पावसाळ्यात बंद घरातल्या कोरड्या लाकडाचा आकडा साधारण एवढाच येतो. उंबरठ्यापासून हातभर अंतरावर एकदम तेवीस, आणि उंबरठ्याला चिकटून असलेल्या ठोकळ्यांत सव्वीस. मी चाकांच्या रेघा सोडून डावीकडे आणि उजवीकडे, जिथे खुर्ची कधी जातच नाही तिथे टोचून पाहिलं. तिथेही चोवीस, पंचवीस.

"बाबा, इकडे बघा."

"तू सांग. मला वाकता येत नाही."

"खुर्ची बाहेरून येते. चाकांना पाणी असेल तर ते आधी समोरच्या दारात गळेल, मग सोफ्यापाशी, आणि इथे येईपर्यंत संपेल. आकडे बरोबर उलटे आहेत. समोर कोरडं, इथे ओलं. आणि चाकांच्या रेघेबाहेरही तितकंच ओलं. पाणी उंबरठ्यावरून आलंय, बाहेरून नाही."

"मग त्यांच्याकडून आलं असेल," बाबा म्हणाले. "त्यांचं न्हाणीघर त्याच भिंतीला आहे."

चौकटीच्या पलीकडून लगेच आवाज आला. दाराला पान नसल्यामुळे दोन घरांत आता काही झाकलेलं राहत नव्हतं.

"आमचं न्हाणीघर दुसऱ्या टोकाला आहे, भावजी. नकाशा तुम्हीच काढला होतात." सुलूमावशी चौकटीत येऊन उभी राहिली. उंबरठ्यावर नाही, त्याच्या पलीकडे, स्वतःच्या फरशीवर. "आधी खुर्ची झाली. आता न्हाणीघर. पुढच्या शनिवारी काय, आमची भांडी घासायची पावडर?"

"सुलक्षणा, मी जुईलीशी बोलतोय."

"दाराचं पान काढलंय तुम्ही. आता सगळ्यांशीच बोलताय."

आई ओट्यापाशीच होती. तिने भांड्यावर भांडं ठेवलं, जरा जोरात.

मी मावशीच्या बाजूला गेले. सुया टोचायला तिथे लाकूड नव्हतं, साध्या टाइल्स होत्या. मी गुडघ्यावर बसून त्यांच्या सांध्यांवरून बोट फिरवलं. कोरडे. न्हाणीघराकडच्या कोपऱ्यातला रंगही सुकाच होता, पोपडे नव्हते. तसं सांगितलं. बाबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि अंगणाकडे पाहून ओरडले, "रामदास, झालं का?"

"व्हय, झालंच म्हणा. वीट कुटं मांडायची तेवडं सांगा, मी सुरू करतो."

"बाबा, एक ठोकळा काढू द्या. खाली काय आहे ते बघते."

"काढ. आधीच उठलाय, त्याला काय मुहूर्त लागणार आहे?"

मी लाकडी फरशीबद्दल वाचून आले होते. लाकूड ओलं झालं की फुगतं, पण लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही, रुंदीच्या दिशेनेच. सरळ फळ्यांची जमीन म्हणून एकाच दिशेला सरकते. या नक्षीत मात्र अर्धे ठोकळे एका दिशेला आणि अर्धे काटकोनात असतात, त्यामुळे जमीन चारही बाजूंना ढकलते. ती ढकल मावायला भिंतीच्या कडेने आणि उंबरठ्याशी बोटभर फट ठेवतात. ती फट लाकडी पट्टीखाली झाकून जाते.

आमच्या हॉलला ती फट नव्हती. फरशी बसवणारा मिस्त्री ती ठेवत होता. बाबांनी त्याला थांबवलं होतं. मी तेव्हा इथेच होते. बाबा म्हणाले होते, "मी कामात फट ठेवायला पैसे देतोय का? ठोकून बसव." मिस्त्रीने उंबरठ्याजवळचे ठोकळे रबरी हातोडीने ठोकून बसवले होते. आणि बाबा पाहुण्यांना सुरीचं पातं घेऊन दाखवायचे, बघा, पातंसुद्धा जात नाही.

उठलेला एक ठोकळा मी स्क्रूड्रायव्हरने उचकटला. सहज आला. खालच्या गोंदाचा चुरा झाला होता. ठोकळा पट्टीवर धरून रुंदी मोजली. समोरच्या दाराजवळचा कोरडा ठोकळा सत्तर मिलिमीटर होता, हा जवळजवळ बहात्तर. असे एकाला एक लागून ठोकळे फुगले की त्यांना पसरायला जागा लागते. बाजूला मिळाली नाही की ते वर येतात. हे मी बाबांना सांगितलं.

"म्हणजे फट नव्हती हा माझा गुन्हा," बाबा म्हणाले. "आणि पाणी? पाणी मी ओतलं?"

पाणी कुणी ओतलं ते मला अजून माहीत नव्हतं. मी ठोकळा उलटा केला. खालच्या बाजूला तांबड्या-तपकिरी रंगाचे ओघळ होते. जिथून ठोकळा काढला त्या कोब्यावरही, सिमेंटच्या करड्या रंगात, तसाच तांबडा डाग पसरलेला होता. उंबरठ्याकडे गडद, हॉलकडे फिकट.

बाबांना आता वाकता आलं. ते माझ्या खांद्यावरून पाहत होते.

"गंज," ते म्हणाले. आवाजात समाधान होतं. "बघ. डोळे उघडून बघ. लोखंडी खुर्ची, लोखंडाचा गंज. आता मोज त्याचा टक्का. नरहरी! तुझ्या खुर्चीचा गंज माझ्या सागाखाली सापडलाय."

पलीकडून नरहरीकाकांचा आवाज आला. पक्षाघातानंतर त्यांचे शब्द सावकाश येतात, पण स्पष्ट येतात. "खुर्ची ॲल्युमिनियमची आहे, बंडोपंत."

"स्क्रू कशाचे आहेत?"

"ते विचारून सांगतो."

रामदास घमेलं खांद्यावर घेऊन आत आला. त्याने ठोकळ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "सायेब, माल आणलाय. लई वेळ ठेवला तर धरंल. सुरू करू का?"

"कर."

"थांबा," मी म्हणाले. "एकच गोष्ट." आणि स्वयंपाकघरात गेले.

आई ओट्याला टेकून उभी होती. मी टोपलीतून लिंबू घेतलं. तिने माझ्या हाताकडे पाहिलं.

"कशाला हवंय ते?"

"गंज आहे का बघायला. गंजावर लिंबू पिळलं तर रंग बदलत नाही. फार तर थोडा निघतो."

"आणि गंज नसेल तर?"

मला जे वाटत होतं ते चुकीचं ठरलं तर बरं असं मलाही वाटत होतं. आई म्हणाली, "राहू दे ना जुईली. भिंत होईल. फरशी होईल. राहू दे." मग तिने लिंबू माझ्या हातातून काढून घेण्यासाठी हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

मी लिंबू कापून घेऊन आले आणि कोब्यावरच्या तांबड्या डागावर पिळलं. थेंब पडला तिथे तांबडा रंग गेला आणि पिवळा आला. स्वच्छ, झगझगीत पिवळा. दुसरा थेंब ठोकळ्याच्या पाठीवर टाकला. तिथेही पिवळा.

"हे काय?" बाबा म्हणाले.

"हळद. हळदीला सिमेंट किंवा चुना लागला की ती लाल होते. कुंकू असंच करतात. आंबट पडलं की परत पिवळी. उंबरठ्यावर हळदीचं पाणी ओतलंय कुणीतरी. एकदा नाही, बरेच दिवस. ते फटीतून—" इथे फट नव्हती हे माझ्या लक्षात आलं. "ते उंबरठ्याच्या कडेने खाली गेलं आणि कोब्यात मुरलं. वरून फरशी पुसून घेतली की कोरडी दिसते."

सुलूमावशी उंबरठ्याकडे पाहत होती. सागाचा उंबरठा, मध्ये चाकांनी थोडा घासलेला. मग तिने नजर उचलून आमच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"ताई," ती म्हणाली. "तू धुतेस?"

आई दारात आली होती. पदराला हात पुसत होती, हात कोरडे असताना.

"धुते," ती म्हणाली. "मग काय करू?"

"प्रत्येक वेळी? हे गेले की?"

"उंबरठ्यावर पाय पडला तर आई पाठीत धपाटा घालायची. तुलाही घातलाय, आठव. पायसुद्धा नाही चालत उंबरठ्यावर, सुलू. आणि इथे अख्खी खुर्ची त्याच्यावरून जाते, माणसासकट. पुढचं चाक, मागचं चाक. जाताना, येताना. मी काय करायचं, बघत बसायचं?"

"माझ्या नवऱ्याची चाकं तुला विटाळ?"

"विटाळ कोण म्हणालं?"

"मग धुवायचं कशाला? हळद घालून? साप गेला होता का तिथून?"

"तोंड सांभाळ!" आईचा आवाज वर गेला, मग एकदम खाली आला. "एकदा झालंय ना एका घरात. दीड वर्षापूर्वी. मला ते या बाजूला नको होतं. बस. एवढंच. तांब्याभर पाणी घालत होते, कुणाचं घर जाळत नव्हते."

रामदास घमेलं घेऊन तसाच उभा होता. त्याने ते एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

मला वाटलं, आता संपलं. पाणी आईचं, फट बाबांची, आणि खुर्चीचा या फरशीशी एवढाच संबंध की आई तिला घाबरत होती. उंबरठ्यापाशी कोरडं ठेवलं, ठोकळे काढून कडेची एक ओळ बोटभर कापली की लाकूड आपोआप बसलं असतं. मी बाबांना तेच सांगितलं. ते ऐकत होते. माझं बोलणं पूर्ण होईपर्यंत ऐकत होते, जे ते सहसा करत नाहीत.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "फरशीचं मला पटलं." आणि रामदासकडे वळले. "तू कर सुरू."

"बाबा!"

"फरशीचं पटलं म्हणालो ना? दार बंद होणारच."

रामदासने उंबरठ्यावर थापीने माल पसरला आणि डाव्या कोपऱ्यात पहिली वीट मांडली. थापीच्या मुठीने ठोकली. तिच्या शेजारी दुसरी. सुलूमावशी मागे सरकली आणि म्हणाली, "लाज वाटू द्या जरा," पण तिचा आवाज फुटला आणि ते वाक्य कुणालाच लागलं नाही.

तेवढ्यात तिच्या मागे खुर्ची दिसली. नरहरीकाका उजव्या हाताने चाक फिरवतात आणि उजव्या पायाने जमीन रेटतात, नाहीतर खुर्ची गोल फिरते. ते हळूहळू चौकटीसमोर आले. अंगात घरचा बनियन होता, दाढी अर्धीच झालेली, एका गालावर फेस वाळलेला.

"बंडोपंत," ते म्हणाले. "फरशी नाही, तर काय?"

"काय म्हणजे?"

"मला दार बंद का?"

बाबांनी खिडकीकडे पाहिलं, मग काकांकडे. "तू आलास की या हॉलमध्ये सगळे हळू बोलतात," ते म्हणाले. "टीव्ही बंद होतो. हेमलता पंखा कमी करते. माझे मित्र आलेले असतील तर पत्ते आवरून ठेवतात. मी पस्तीस वर्षं ऑफिसात साहेबांपुढे हळू बोललो. इथे जोरात बोलायला आलोय."

"मग जोरात बोल की. मी कधी नको म्हणालो?"

"तू म्हणत नाहीस. तू बसतोस."

काकांच्या चेहऱ्याची उजवी बाजू हलली, डावी तशीच राहिली.

"एवढंच होतं तर फरशीचं नाव कशाला घेतलंस?"

"फरशीचं नाव घेता येतं," बाबा म्हणाले. "तुझं कसं घेऊ?"

काकांनी मान हलवली, जणू हिशेब पटला. मग उजवा पाय रोवला, चाकाला झटका दिला आणि खुर्ची पुढे आली. पुढची लहान चाकं उंबरठ्यावर चढली. ओल्या मालात मांडलेल्या दोन विटा सरकल्या आणि दोन्ही आमच्या बाजूला ठोकळ्यांवर पडल्या.

"ओ काका, आवो, वीट!" रामदास ओरडला. "माल उचकटतोय सगळा!"

दुसऱ्या झटक्याला मोठी चाकं उंबरठ्यावर आली. काकांनी हात खाली नेऊन ब्रेक लावला. खुर्ची चौकटीच्या बरोबर मधोमध थांबली, मोठी चाकं उंबरठ्यावर मालात, लहान चाकं आमच्या ठोकळ्यांवर, खुर्ची अर्धी आमच्या घरात, अर्धी त्यांच्या.

आई पुढे आली. "नरहरी, खाली उतरा तिथून. उंबरठ्यावर थांबू नका. इकडे या नाहीतर तिकडे जा, पण तिथे नको. मी हात जोडते."

"धुऊन घे नंतर," काका म्हणाले. आई जिथे होती तिथेच उभी राहिली.

"नरहरी, तमाशा करू नकोस," बाबा म्हणाले. "चार माणसं बोलावतो, तुला नीट खाली उतरवतील."

"बोलाव. हात लावायला ते आधी माझ्याशी बोलतील. गावातले आहेत, मला ओळखतात."

"मी हात लावत न्हाई, आत्ताच सांगतो," रामदास म्हणाला. "भिंत बांदायला बोलावलं, माणूस उचलायला न्हाई. आन् हा माल अर्ध्या तासात धरतोय. मग मला म्हणू नका."

"मालाचं काय घेऊन बसलास!"

"मग कशाचं घेऊ? घमेलाभर शिमिट हाय, फुकट जायाचं. तुमी भांडा निवांत."

सुलूमावशी खुर्चीच्या मागे येऊन उभी राहिली आणि दोन्ही हातांनी मुठी धरल्या. ढकलत नव्हती, ओढतही नव्हती. "बसा तुम्ही," ती काकांना म्हणाली. "दुपारचं जेवण इथेच आणते. ताई, तुझ्याकडचं मीठ नको आम्हाला."

आईने डोळ्यांना पदर लावला नाही. ती सरळ चाकांकडे पाहत होती. मालातून सिमेंटचं पाणी निथळून उंबरठ्याच्या कडेने ठोकळ्यांत उतरत होतं. मी फडकं घेऊन ते टिपायला गेले तर ती म्हणाली, "राहू दे. मोजलंयस ना सगळं. आता राहू दे."

बाबांनी हॉलमध्ये एक फेरी मारली. उठलेल्या ठोकळ्यांवर पाय पडला की ते कुरकुरत होते. ते परत चौकटीपाशी आले, खुर्चीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि रामदासला म्हणाले, "बाजूने घेता येईल का? खुर्ची तशीच राहू दे. डाव्या-उजव्या बाजूने विटा वर चढवत ने. मधे जेवढं राहील तेवढं नंतर बघू."

"मधे माणूस ठेवून?"

"त्याला बसायचंय ना. बसू दे."

रामदासने चौकटीत डोकावून पाहिलं, मग थापी घमेल्यात खोचली. "उभी वीट लावली तर जाईल का बगावं लागंल. ताई, तुमच्याकडं टेप हाय का?"

"आहे," मी म्हणाले.

"दे त्याला," बाबा म्हणाले.

"नको. मीच मोजते."

काका माझ्याकडे पाहत होते. मी टेप उघडली. त्यांच्या डाव्या हाताला धक्का लागू नये म्हणून त्यांनी तो उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. मी आधी डावीकडे, चाकाच्या बाहेरच्या रिंगेपासून चौकटीपर्यंत टेप धरली. मग उजवीकडे. खात्रीसाठी दोन्हीकडे वर, हाताशी, पुन्हा धरली. शेवटी रामदासच्या पिंपातली एक वीट घेऊन तिची रुंदी मोजली, आणि ती आडवी करून जाडीही.

"सांग," बाबा म्हणाले. "जोरात सांग."

मी जोरात सांगितलं.

डावीकडे सहा सेंटिमीटर, उजवीकडे सहा. वीट दहा रुंद, साडेसात जाड.